निपाणी-बेळगावातली पाळणाघरे

निपाणी-बेळगाव भागात पाळणाघराच्या पाट्या लागल्या त्या अलीकडे. मोबदला घेऊन दुसऱ्याचे मूल सांभाळण्याची चाल त्याहून बरीच जुनी आहे. कामावर जाणारी बाई मूल सासूकडे ठेवी, सासू नसली तर थोरल्या मुलीकडे आणि तेही जमले नाही तर गल्लीतल्या एखाद्या आज्जीकडे. आज्जीला थोडे पैसे, पसाभर जोंधळे किंवा दोन वेळचा चहा मिळे. अशा व्यवहाराची नोंद वहीत होत नाही. म्हणून या व्यवसायाचा इतिहास बायकांच्या कामाच्या इतिहासातूनच शोधावा लागतो.

निपाणीत हे काम म्हणजे तंबाखूचे. इथली काळी जमीन विडीच्या तंबाखूला मानवली आणि पुणे-बंगळूर रस्त्यावरचे हे गाव तंबाखूची मोठी पेठ बनले. शेतात वाळलेला पाला वखारीत येई. तिथे तो कुटायचा, चाळायचा, काड्या वेचून वेगळ्या करायच्या. ही कामे बहुतांशी बायकांची. चाळण सुरू झाली की खकाणा उडे, तोंडाला पदर बांधूनही ठसका थांबत नसे. अशा हवेत तान्हे मूल नेणे म्हणजे त्याला आजार देणे, आणि घरी ठेवणे म्हणजे दिवसभर अंगावरच्या दुधाला मुकवणे. वखारीतल्या बाईपुढे हे दोनच मार्ग होते. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागातल्या विणकरांची गोष्ट वेगळी होती. माग घरातच असे, बायका कांड्या भरत, आणि आढ्याला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीला पायाने झोका देता येई.

आज कर्नाटकात असलेला बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात व पुढे मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथल्याही कामगार बायकांविषयीचे पहिले कायदे मुंबईत घडले. त्यांची गरज किती होती हे १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स यांनी मुंबईच्या गिरणी कामगार बायकांची जी पाहणी केली त्यातून कळते. आई कामावर असताना मुलाने गप्प पडून राहावे म्हणून अफूची बाळगोळी देण्याची रीत त्यांना जवळजवळ घरोघरी आढळली. १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. निपाणी त्यांना परकी नव्हती. १९२५ ची मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद तिथेच भरली होती. १९२९ मध्ये बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, आणि १९४८ च्या कायद्याने तशी खोली सक्तीची केली. १९७६ मध्ये पन्नासाची अट तीसवर आली.

विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्यातही पन्नासहून अधिक बायका काम करतात अशा ठिकाणी सहा वर्षांखालील मुलांसाठी हवेशीर, स्वच्छ खोली आणि मुले सांभाळणारी प्रशिक्षित बाई ठेवण्याचे कलम होते. पण हा कायदा लागू होऊ लागताच देशात अनेक ठिकाणी कारखानदारांनी कामच कारखान्याबाहेर काढले. ठेकेदार पाने, तंबाखू आणि दोरा घरपोच देऊ लागला आणि हजारी दराने विड्या मोजून घेऊ लागला. कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानले. मुलांची खोली मात्र कारखान्याच्या आवारापुरतीच राहिली. ज्या कलमाने मुलांचे भले व्हायचे, ते असे कागदावर अडकले.

घरी विडी वळणाऱ्या बाईचे मूल तिच्या नजरेसमोर असते, एवढे खरे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका हातात कात्री. ओलसर पाने पत्र्याच्या साच्याप्रमाणे कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. हजाराचा आकडा गाठायचा तर हात थांबवता येत नाही, आणि ठेकेदार खराब म्हणून विड्यांची छाट काढतो ती मजुरीतून जाते. रांगणारे मूल सुपाकडे झेपावते. त्याला उचलून बाहेर न्यायला आठ-दहा वर्षांची ताई लागते, आणि तिची शाळा तिथेच सुटते. या भागातले सर्वांत स्वस्त पाळणाघर म्हणजे ही ताईच होती, आणि त्याची सर्वांत जास्त किंमतही तिनेच मोजली.

एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि निपाणीचे नाव देशभर गेले. वखारीतल्या बायकांचा लढा त्याच काळातला. तो मात्र इतका लक्षात राहिला नाही. संघटना बांधून त्यांनी मजुरी आणि वागणुकीचे प्रश्न मालकांपुढे मांडले. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने त्यांच्यावर १९८२ मध्ये माहितीपट केला, त्यातून या बायका स्वतः बोलताना दिसतात.

शिक्षणाच्या बाजूने आलेली वाट निराळी होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी गरिबांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या निघाल्या. या भागात त्या गावोगाव पोचल्या आणि पोषणाला त्यांचा मोठा आधार झाला. पण अंगणवाडी काही तासच चालते, वखारीची आणि शेताची पाळी दिवसभराची. आणि तीन वर्षांखालच्या मुलाला दिवसभर सांभाळायची तिथे सोय नव्हती.

बेळगाव शहरात घरगुती पाळणाघर वाढले ते नोकरदार आयांमुळे. शाळा-महाविद्यालये, बँका, रुग्णालये यांत बायका लागल्या, नोकरीसाठी बाहेरगावाहून येणारी जोडपी वाढली, आणि आजी-आजोबा गावीच राहिले. मग टिळकवाडीसारख्या वस्तीत एखाद्या काकूंनी पुढची खोली मोकळी करायची, सतरंजी अंथरायची, शेजारची दोन मुले घ्यायची, असा हा धंदा सुरू होतो. भांडवल थोडे लागते. लागतो तो विश्वास, आणि तो तोंडोतोंडीच मिळतो. महिन्याची रक्कम ठरते, डबा आणि दुपटी घरून येतात, ताप आलेल्या मुलाला ठेवून घ्यायचे नाही हे आधीच सांगितले जाते. उशिरा येणारे पालक हा कायमचा वादाचा विषय. मराठी घरात दिवस काढणारे कन्नड वा कोकणी मूल तीन वर्षांचे होईतो दोन्ही भाषा बोलू लागते, ही या शहरातल्या पाळणाघरांची कमाईच म्हणावी लागेल.

सरकारी प्रयत्न पुढेही झाले. २००६ ची राजीव गांधी पाळणाघर योजना आज ‘पालना’ नावाने चालते. कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये रोजगार हमीवरील बायकांच्या मुलांसाठी ‘कूसिन मने’ योजना जाहीर केली आणि पहिल्या टप्प्यात ४,००० ग्रामपंचायती घेतल्या. मुले सांभाळणाऱ्या गावातल्याच बायकांना प्रशिक्षण आणि हमीची मजुरी, ही तिची चांगली बाजू. पूर्वी जे काम पसाभर जोंधळ्यांवर होई, त्याला इथे सरकारी मजुरीचा दर मिळाला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा विडी कायदा त्यांत विलीन झाला. पाळणाघरासाठी त्यांतही पन्नासाचीच अट आहे, आता पुरुष कामगारही धरून. घरी विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाची सोय कोणी करायची, हे मात्र त्यांतून ठरत नाही. ते ठरवणे हे सरकारचे आणि विडी कारखानदारांचे राहून गेलेले काम आहे.