फिरकीचा तांब्या कोणाचा?

कुर्डुवाडी जंक्शनचं जुनं नाव बार्शी रोड. १८९७ मध्ये इथून अडीच फुटी रुळांवर 'बार्शी लाईट' धावू लागली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली. मोठ्या गाडीतून उतरून छोटीत चढणाऱ्या वारकऱ्याकडे पडशी, वळकटी आणि फिरकीचा, म्हणजे आट्यांच्या झाकणाचा, तांब्या असायचाच. पहिल्या दोन वस्तू बैलगाडीच्या काळातल्या. तांब्याला फिरकी कधी आली?

रेल्वेमुळे, असं सर्रास सांगतात. त्यात तथ्य आहे. उघडा तांब्या डब्याच्या हिसक्यांनी सांडतो. शिवाय स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं मिळे. सोवळं पाळणारा तेही घेईना. घरचं पाणी संपलं की घसा कोरडा ठेवून बसायचं.

दुसरा दावा काशीहून येणाऱ्या गंगेच्या गडूचा. तो रेल्वेच्या कितीतरी आधीचा, पण त्याचं तोंड डाग देऊन कायमचं बंद केलेलं. एकदाच फोडायच्या गडूचा घोटाघोटाने प्यायच्या तांब्याशी संबंध जुळत नाही.

पण गरज रेल्वेची म्हणून कसबही रेल्वेचं ठरत नाही. मुघलकालीन तंत्रज्ञानाच्या अभ्यासात एक विलक्षण तपशील येतो. इतिहासकार इरफान हबीब यांनी त्याची चर्चा केली आहे. युरोपात स्क्रूचे आटे कापून काढत. इकडचा कारागीर खिळ्याभोवती तार गुंडाळायचा आणि तिला डाग द्यायचा. झाला आटा!

बारीक तार, बारीक डाग. हे काम सोनाराचं. कानातल्या कुडीच्या दांडीवर बसते तिलाही आपण फिरकीच म्हणतो. कापसातली सरकी काढणाऱ्या चरखीतही लाकडी मळसूत्र होतं आणि बार्शी तर कापसाची पेठ. म्हणून कोणी चरखीकडे बोट दाखवील. पण चरखीतलं मळसूत्र रूळ फिरवतं, झाकण आवळून धरत नाही. आवळून धरण्याची युक्ती कुडीत आहे. तेव्हा फिरकी सोनाराकडून तांबटाकडे गेली आणि रेल्वेने तिला गिऱ्हाईक मिळवून दिलं, हीच कुळकथा खरी असावी.

हाताने बसवलेल्या आट्यांचा एक परिणाम अटळ होता. ज्याचं झाकण त्यालाच बसणार. पंढरपूरच्या गर्दीत झाकण हरवलं तर दुसऱ्याचं उपयोगी पडायचं नाही, आणि परतीच्या प्रवासात तो तांब्या पुन्हा साधा, सांडणारा तांब्या व्हायचा.