घोड्याची वैरण आणि घरचं ब्रॉडबँड

जानेवारी महिना आला की आमच्या ब्युमॉन्टच्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिलांचा ढीग पडतो. वीज, गॅस, ब्रॉडबँड. वर्षभर याच टेबलावर बसून ऑफिसचं काम केलेलं असतं, आणि आता त्या बिलांतला थोडा हिस्सा सरकारकडून परत मागायचा असतो. "एवढ्याशा पैशांसाठी कशाला उठाठेव?" असं दरवर्षी मनात येतं. पण या एवढ्याशा पैशांमागे मोठा इतिहास आहे मंडळी, तोच आज सांगतो.

सरकारने आपल्या घरात डोकावणं काही नवीन नाही. १६६२ साली आयर्लंडमध्ये चुलीवर कर आला. घरात जेवढ्या चुली, तेवढे वर्षाला दोन-दोन शिलिंग! १७९९ मध्ये खिडक्यांवर कर बसला. आमच्या या ब्युमॉन्टमध्येच बिअरवाल्या आर्थर गिनेसचा प्रशस्त वाडा होता. त्याला खिडक्यांचं काय एवढं? पण सामान्य माणसं कर वाचवायला खिडक्या बुजवू लागली आणि अंधाऱ्या, कोंदट घरात राहू लागली. टायफसच्या साथीनंतर, १८२२ मध्ये, तो कर एकदाचा गेला. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? पेशवाईत मोहतर्फा होताच. घरच्या मागावर विणणारा कोष्टी काय, घाणा चालवणारा तेली काय, घरात बसून काम करतो म्हणून त्याने कर भरायचा!

म्हणजे घरातलं काम सरकारला पूर्वीपासून दिसत होतं, पण फक्त घेण्यापुरतं.

१८५३ साली ग्लॅडस्टनने आयर्लंडला प्राप्तिकर लावला. त्या कायद्यात पगारदारासाठी एक बारीकशी फट होती. नोकरीचं काम करताना करावा लागणारा प्रवास, त्यासाठी पाळावा लागणारा घोडा, आणि "संपूर्णपणे, केवळ आणि अपरिहार्यपणे" त्या कामासाठी झालेला इतर खर्च पगारातून वजा करता येई. घोडा मान्य! पण रात्री घरी दिवा लावून हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाचं काय? तो दिवा घरालाही उजेड देणार, मग "केवळ" कामासाठी कसा म्हणायचा? या तीन शब्दांच्या चाळणीतून पगारदाराचं फारसं काही खाली पडत नसे.

पुढे १९६० मध्ये पीएवायई आलं, म्हणजे पगार हातात पडण्याआधीच कर कापून घ्यायची पद्धत. धंदेवाल्याने आधी खर्च वजा करायचा आणि मग कर भरायचा; नोकरदाराने आधी कर भरायचा आणि मग उरेल त्यात खर्च भागवायचा. ही सल आत धुमसत राहिली. १९७९ च्या अर्थसंकल्पात शेतमालावर दोन टक्के आकारणी जाहीर झाली आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळे सरकारने माघार घेतली. मग मात्र नोकरदारांचा संयम सुटला. २० मार्च १९७९ रोजी डब्लिनच्या रस्त्यांवर सुमारे दीड लाख माणसं उतरली. कर भरायला त्यांची ना नव्हती, "आमच्याच खिशात हात का?" एवढाच प्रश्न होता.

मग आला २०२०. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि अख्खी ऑफिसं लोकांच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कंपनीने दिवसाला ३.२० युरो दिले तर त्यावर कर नाही, ही सोय आधीपासून होती. कंपनी देत नसेल तर घरून काम केलेल्या दिवसांच्या प्रमाणात वीज आणि गरम करण्याच्या खर्चाचा १० टक्के भाग धरत. त्यात ब्रॉडबँडचा ३० टक्के भाग जोडला गेला. २०२२ पासून तर कायद्यात स्वतंत्र कलमच आलं आणि तिन्ही खर्चांना ३० टक्के लागू झाले.

आता हिशेब बघा. वर्षाची तिन्ही बिलं मिळून २,६०० युरो, घरून काम १२० दिवस. त्याचे ३० टक्के ७८०, दिवसांच्या प्रमाणात साधारण २५६ युरो. एवढ्या रकमेवरचा कर माफ. म्हणजे २० टक्केवाल्याला ५१ युरो, ४० टक्केवाल्याला १०२. टेबल-खुर्चीचे पैसे यात धरत नाहीत. आणि इथल्या ब्युमॉन्ट हॉस्पिटलमधल्या नर्सताईंना तर यातलं काहीच नाही, रुग्ण काही घरी आणता येत नाही!

भारतात पगारदाराला अशी बिलं जोडून वजावट मिळत नाही. सगळ्यांना सरसकट प्रमाणित वजावट. २०२४ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत ती ७५,००० रुपये झाली. कटकट नाही हे खरं, पण घरी काम करणारा आणि रोज लोकलला लटकणारा, दोघं एकाच मापात!

आता माझी फजिती. इथे परतावा चार वर्षांच्या आत मागावा लागतो. २०२० चा मी "बघू पुढे" म्हणत ठेवला आणि ३१ डिसेंबर २०२४ ला मुदत संपली. ज्या वर्षी सर्वांत जास्त दिवस या टेबलावर काढले, नेमकं तेच वर्ष गेलं. रक्कम फार नव्हती. पण १८५३ मध्ये घोड्याची वैरण मान्य झाली आणि घरातल्या दिव्याला पुढे दीडशेहून जास्त वर्षं थांबावं लागलं. एवढ्या उशिरा मिळालेला हक्क आपण आळसात घालवायचा, हे मनाला लागतं.

असो. चहा होतोय तोवर या वर्षीची बिलं लावून टाकतो.