जुन्या चिऱ्यांचे नवे घर

जुना वाडा उतरला, की त्याचे चिरे आणि तुळया नव्या घराला लावण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार आहे. त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. मात्र प्रत्येक चिरा आपला आहे ना, हे आधी पाहावे लागते. संगणकाच्या इतिहासातील अशाच एका घराची हकीकत आज सांगावयाची आहे.

संगणकाचा सारा कारभार चालविणाऱ्या मूळ आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये ‘युनिक्स’ रचावयास घेतली. तिची मालकी ए. टी. अँड टी. कंपनीची. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने परवाना घेऊन तीत स्वतःची भर घातली आणि १९७८ पासून ती इतरांस देऊ केली. पण मूळ परवान्याचे मोल पुढे इतके वाढले, की अनेकांना ते झेपेना.

तेव्हा कीथ बॉस्टिक यांनी स्वयंसेवकांना हाक दिली : कंपनीचे लेखन न पाहता एकेक उपकरण नव्याने लिहावे. मोबदला एकच, त्या उपकरणापुढे लिहिणाऱ्याचे नाव. अनेक जण पुढे आले. गाभ्याचीही फाईलवार छाननी झाली. १९९१ मध्ये सारे खुले झाले, तेव्हा गाभ्यातील केवळ सहा फाइली उरल्या होत्या. त्या विल्यम जोलिट्झ यांनी नव्याने लिहिल्या आणि १९९२ मध्ये ‘३८६-बीएसडी’ ही संपूर्ण प्रणाली साध्या संगणकावर चालू लागली.

त्याच वर्षी दावा उभा राहिला. युनिक्सचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने या साठ्यावर व्यवसाय करणाऱ्या एका संस्थेस, आणि मागाहून विद्यापीठासही, न्यायालयात खेचले. विद्यापीठाने उलट दावा केला : आमचे लेखन तुम्ही वापरले, पण आमचे नाव घातले नाही! १९९४ मध्ये तडजोड झाली. अठरा हजार फाइलींपैकी तीनच काढाव्या लागल्या. काहींत किरकोळ बदल झाले.

सरकारी कचेरीत उमेदवारी करताना एक नियम माझ्या अंगवळणी पडला : मसुदा मागील टिपणावरून खुशाल करावा, पण त्याचा क्रमांक व दिनांक आरंभी नोंदवावा. बर्कलेचा वाद वाचताना या नियमामागील न्याय मला उमगला. नवे निर्माण होते ते बहुधा जुन्यातूनच. ऋण नोंदवावयाचे राहिले, की घराचा पाया तंट्यात सापडतो.