पांढऱ्या लांडगीची गोष्ट

दिवाळीत नातू चार दिवस राहून गेला. तो गेला आणि लगेच त्याच्या बापाचा फोन. "बाबा, याला व्हिडिओ गेम बनवायचं शिकायचंय म्हणे. तुमचं ऐकतो, जरा समजवा ना."

आता समजवायचे तर आधी आपल्याला समजायला हवे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही गोष्ट सनावळीपासून सुरू करायची खोड आहे. नातवाने दाखवलेल्या एकाच खेळाची सनावळी लावत बसलो, तर आठवडा कसा गेला कळले नाही.

खेळाचे नाव 'ओकामी'. जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या क्लोव्हर स्टुडिओने केलेला, दिग्दर्शक हिदेकी कामिया. एप्रिल २००६ मध्ये प्लेस्टेशन २ साठी तो जपानात आला. जपानीत ओकामी म्हणजे लांडगा, आणि अक्षरे बदलून लिहिले की 'महान देव'. सूर्यदेवता अमातेरासू पांढऱ्या लांडगीच्या रूपात अंधारलेल्या मुलखात फिरते. ती धावते तिथे मागे फुले उमलतात. खेळणाऱ्याच्या हाती एक कुंचला असतो. वाळलेल्या झाडाभोवती वर्तुळ काढले की झाड फुलते, आकाशात काढले की सूर्य उगवतो. सगळे चित्र शाईच्या जुन्या जपानी चित्रांसारखे. मूळ बेत हुबेहूब खऱ्यासारखे दिसण्याचा होता, पण यंत्राला ते झेपेना, त्यातून ही शैली आली. (अडचणीतून कला निघते ती अशी.)

खेळ एकट्याने खेळायचा, जाडजूड कादंबरी वाचावी तसा. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. आयजीएन या नावाजलेल्या संकेतस्थळाने त्याला २००६ सालचा सर्वोत्तम खेळ ठरवले. पण खप? गिनीज बुकाच्या २०१० च्या गेमविषयक आवृत्तीत त्याची नोंद आहे, 'वर्षातील सर्वोत्तम' ठरलेल्यांत सर्वांत कमी खपलेला खेळ अशी! विक्रम म्हणावा की काय म्हणावे?

का खपला नाही? तारखा पाहा. अमेरिकेत तो सप्टेंबर २००६ मध्ये पोहोचला. नोव्हेंबरात प्लेस्टेशन ३ आणि निन्टेंडोचे वी, अशी दोन नवी यंत्रे दुकानात आली. लोक नव्या यंत्रासाठी पैसे साठवत असताना हा जुन्या यंत्रावरचा खेळ. त्यात वीबरोबर 'झेल्डा' मालिकेतला नवा खेळ आला, आणि गंमत म्हणजे त्यातही नायक लांडगा होतो. तो मात्र तुफान खपला.

इथे मी जरा अडखळलो. झेल्डाही एकट्यानेच खेळायचा, मग एकटेपणाला दोष कसा द्यायचा? फरक घराण्याचा आहे. झेल्डाचे घराणे १९८६ पासूनचे. एवढे पैसे आणि इतके तास घालायचे तर माणूस ओळखीच्या दारात जातो. ओकामीला घराणे नव्हते. शिवाय 'हे काय आहे?' म्हणून गिऱ्हाइकाने विचारले तर दुकानदाराने एका वाक्यात काय सांगावे?

पण मला सर्वांत मोठे कारण वाटते ते म्हणजे असा खेळ संपतो. मित्रांनी मिळून खेळायचा खेळ असेल तर चौघांपैकी प्रत्येकाला तो घ्यावा लागतो, वर पाचव्याला ओढतात. एकट्याचा खेळ संपला की तबकडी जुन्या मालाच्या दुकानात जाते, तिथून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे. खेळणारे वाढतात, बनवणाऱ्याला मात्र पैसे पहिल्याच विक्रीचे. कॅपकॉमसह काही जपानी कंपन्या याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. एप्रिल २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुने खेळ विकणे कायदेशीर ठरवले. मी आयुष्यभर वाचनालयातून पुस्तके आणून वाचली, तेव्हा दुकानदाराला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही! म्हणून सगळी कमाई पहिल्या काही आठवड्यांत व्हावी लागते, आणि अनोळखी खेळाची कीर्ती तर सावकाश पसरते. आता तर लोक दुसऱ्याला खेळताना यूट्यूबवर पाहतात, गोष्ट कळते, काम भागते.

ऑक्टोबर २००६ मध्येच, अमेरिकेत खेळ येऊन महिना होतो न होतो तोच, कॅपकॉमने क्लोव्हर बंद करत असल्याचे जाहीर केले. युरोपात तर खेळ पोहोचायचाच होता, तो गेला फेब्रुवारी २००७ मध्ये. पुढे २००८ साली वीसाठी आवृत्ती निघाली, तीत शेवटची श्रेयनामावलीच गाळली. कारण काय, तर तीत बंद पडलेल्या स्टुडिओचे बोधचिन्ह होते. नोकरी गेली ते समजू शकतो. पण नावे? शाळेच्या भिंतीवर देणगीदारांचीसुद्धा नावे कोरलेली असतात हो. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

खेळ मात्र मेला नाही. २०१२ मध्ये तो प्लेस्टेशन ३ वर सुधारून आला, २०१७ मध्ये संगणकावर, २०१८ मध्ये निन्टेंडोच्या स्विचवर. आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या भागाची घोषणा झाली, दिग्दर्शक पुन्हा कामियाच. त्यांच्या नव्या स्टुडिओचे नाव क्लोव्हर्स. मधे अठरा वर्षे गेली.

मुलाला फोन करून हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही त्याला नको म्हणणार ना?" मी म्हटले, "तारखा त्यालाही सांगेन. नको म्हणणार नाही."

नातवाने जायच्या आदल्या रात्री स्विच माझ्या हातात दिला होता. "आजोबा, बोटाने गोल काढा." फळ्यावर मी एका झटक्यात वर्तुळ काढत असे, मुले टाळ्या वाजवत. आता बोट थरथरते. दोनदा काहीच झाले नाही. तिसऱ्यांदा उजाडले.