कुलाब्यातली चिलटं आणि तापात येणारी आकडी

आज खड्डे, पाणीकपात आणि स्टेशनबाहेरची रिक्षांची रांग बाजूला ठेवतो. आजचा विषय चिलटांचा. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आंब्याची पेटी उघडली की भोवती घोंगावणारी बारीक, लाल डोळ्यांची माशी आपण सगळ्यांनी हाताने उडवलीय. आपल्या नौपाड्यात गोखले रोडच्या फळवाल्यांकडे ती बारा महिने हजर असते. तिच्याच जातकुळीतल्या ड्रोसोफिला नावाच्या चिलटावर आपल्यापासून एका लोकलच्या अंतरावर अर्धशतकाहून जास्त काळ संशोधन चाललंय. त्याचा धागा लहान मुलांच्या मेंदूच्या एका भयंकर आजारापर्यंत जातो. मी डिप्लोमावाला पत्रकार, शास्त्रज्ञ नाही. पण ही गोष्ट आपल्या भागात कोणी सांगत नाही, म्हणून सांगतोय.

ठाण्याहून सीएसएमटी, तिथून नेव्हीनगरची बस. समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांची संस्था म्हटलं की आपल्याला अणूच आठवतो. पण १९६२ मध्ये भाभांनी ओबेद सिद्दीकी या तीस वर्षांच्या जीवशास्त्रज्ञाला तिथे आणलं. उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा जन्म, अलीगढला शिक्षण, ग्लासगोला डॉक्टरेट. त्यांनी इथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. सुरुवातीचं काम जिवाणूंवर होतं.

१९७१ मध्ये तिकडे कॅनडात व्हँकुव्हरला डेव्हिड सुझुकी आणि सहकाऱ्यांना एक विचित्र चिलट सापडलं. साध्या हवेत ते ठणठणीत, पण २९ अंशांपर्यंत तापवलं की धपकन पडायचं, जणू लकवा मारलाय. गार केलं की लगेच उठून चालायला लागायचं. बिघाड एकाच जनुकात होता. त्याला नाव दिलं ‘पॅरा’. असंच आणखी एक सापडलं, त्याचं नाव ‘शिबिरे’. जपानीत त्याचा अर्थ बधिर होणं.

त्याच दशकाच्या सुरुवातीला सिद्दीकी अमेरिकेत कॅलटेकला सिमोर बेंझर यांच्याकडे गेले. दोघांनी मिळून तिसरं चिलट शोधलं, ‘कोमॅटोज’. हे गार केल्यावरही बराच वेळ शुद्धीवर येत नसे. मग चिलटाच्या उडण्याच्या स्नायूंत बारीक विद्युत-सुया घालून त्यांनी नेमकं काय बंद पडतं ते मोजलं. ‘पॅरा’मध्ये मज्जातंतूतून वीजच पुढे जात नव्हती. ‘शिबिरे’मध्ये वीज जात होती, पण मज्जातंतूकडून स्नायूला निरोप पोचत नव्हता. हा निबंध १९७६ साली छापून आला. त्यात कुठल्याही मुलाचा किंवा आजाराचा विचार नव्हता. प्रश्न एवढाच होता, की मज्जातंतू चालतो कसा?

चिलटंच का? कारण अंड्यापासून पूर्ण चिलट व्हायला साधारण दहा दिवस लागतात. बाटलीत मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट घातलं की त्यांचं भागतं. माणसाच्या चार पिढ्या बघायला शंभर वर्षं लागतील, इथे दीड महिना पुरतो. आणि मज्जातंतूची मूळ यंत्रणा चिलटात आणि आपल्यात बरीचशी सारखीच आहे.

‘पॅरा’ जनुक नेमकं कशाचं, हे १९८९ मध्ये कळलं. मज्जातंतूच्या आवरणात सोडियम आत घेणारे बारीक दरवाजे असतात, ते बनवणारं हे जनुक. ते दरवाजे उघडल्याशिवाय वीज पुढे सरकत नाही.

आता मुलांकडे येऊ. १९७८ मध्ये फ्रान्सच्या शार्लोट द्रावे या डॉक्टरबाईंनी एक आजार वेगळा ओळखून नोंदवला. मूल चांगलं वाढत असतं. वर्षाच्या आत, बहुतेकदा तापात, कधी नुसत्या गरम पाण्याच्या अंघोळीने, लांबलचक आकडी येते. मग पुन्हा पुन्हा येत राहते. पुढे बोलणं, चालणं, समज मागे पडत जाते. आज याला द्रावे सिंड्रोम म्हणतात. २००१ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी अशी सात मुलं तपासली. सातही मुलांच्या एकाच जनुकात दोष निघाला, एससीएन१ए. सोडियमच्या दरवाजाचंच जनुक, म्हणजे ‘पॅरा’चं माणसातलं भावंड. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात, तापात आकडी येणाऱ्या कुटुंबांमधला या जनुकातला बदल चिलटात घातला. तापवल्यावर चिलटांना झटके आले. २०१४ मध्ये द्रावेच्या बदलाचंही चिलट तयार झालं.

घरच्यांना याचा काय उपयोग? दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट दोषारोपाची. आपल्याकडे मूल असं झालं की पहिलं बोट आईकडे जातं. गरोदरपणी काय खाल्लंस, ग्रहणात बाहेर गेलीस का, तुझ्या माहेरी कोणाला होतं? त्या सातही मुलांमधला बदल आईवडील दोघांतही नव्हता, तो नव्याने झालेला होता. द्रावेच्या बहुतेक मुलांत असंच असतं. काही घराण्यांत याच जनुकाचा सौम्य प्रकार पिढ्यान्‌पिढ्या उतरतो हेही खरं, पण तो आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. यात कोणाचाच गुन्हा नसतो.

दुसरी गोष्ट औषधाची. आकडीवरची काही नेहमीची औषधं हे सोडियमचे दरवाजे बंद करून काम करतात. द्रावेच्या मुलांना त्यातल्या एका औषधाने त्रास वाढतो, हे डॉक्टरांनी १९९८ मध्ये नोंदवलं होतं. कारण २००६ मध्ये उंदरांवरच्या कामातून कळलं. मेंदूत ब्रेकचं काम करणाऱ्या पेशींमध्येच हे दरवाजे कमी पडतात. औषधाने आणखी बंद केले की उरलासुरला ब्रेकही जातो. म्हणून निदान नेमकं हवं. (हे वाचून चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा.)

चिलट म्हणजे मूल नव्हे. चिलटात या दरवाजाचं एकच मुख्य जनुक, माणसात नऊ. म्हणून पुढे उंदीर लागतो, झेब्राफिश लागतो. हा निळ्या पट्ट्यांचा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या नद्या-ओढ्यांतला. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत द्रावेसारखा दोष असलेल्या झेब्राफिशच्या पिल्लांवर एकामागून एक औषधं तपासली, तेव्हा क्लेमिझोल हे ॲलर्जीचं जुनं औषध त्यांच्या झटक्यांवर चाललं. त्यातून माणसासाठी वाट शोधायची असते.

आणि ‘कोमॅटोज’? त्या जनुकाचं यीस्टमधलं आणि सस्तन प्राण्यांतलं रूप ज्या कामातून पुढे आलं, त्या कामाला २०१३ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये जन्मानंतर लगेच झटके येणाऱ्या बाळांमध्ये त्याच जनुकातले बदल सापडले. सिद्दीकी २०१३ च्या जुलैमध्येच गेले होते.

सिद्दीकींनी मुंबईला परतून चिलटांच्या वास-चवीवर काम उभं केलं. वेरोनिका रॉड्रिग्स, के. एस. कृष्णन यांच्यासारख्यांनी कुलाब्यात ही परंपरा वाढवली, पुढे तिच्यातून बंगळुरूची संस्था उभी राहिली. हे सगळं तुमच्या-माझ्या कराच्या पैशातून झालं. ‘सरकारी पैशाने माश्या पाळतात’ असं कोणी म्हणालं, तर १९७६ आणि २००१ ही दोन सालं सांगा. मधली पंचवीस वर्षं कोणत्याही निवडणुकीच्या हिशेबात बसत नाहीत, म्हणूनच अशा कामाच्या बाजूने आपण बोलायला हवं.

शेवटी कामाचं. तापातली बहुतेक आकडी निरुपद्रवी असते. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. कांदा हुंगवण्यात, चप्पल नाकाला लावण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल गाठा. वर्षाच्या आतलं बाळ असेल आणि लांब आकडी पुन्हा पुन्हा येत असेल, तर मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि जनुक तपासणीबद्दल विचारा.

ओळखीत असं घर असेल तर त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा. विशेषतः त्या घरातल्या सासूबाईंपर्यंत.