कंपवात (पार्किन्सन रोग)

मेंदूच्या कृष्णद्रव्य या भागातील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट झाल्याने होणारा, बहुधा साठीच्या सुमारास दिसू लागणारा विकार. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. त्यांतले काही त्यांनी नुसते रस्त्यात पाहिलेले होते.

कंप हे ठळक लक्षण असले, तरी तो सर्वच रुग्णांत नसतो. हात मांडीवर स्वस्थ असताना अंगठा व तर्जनी गोळी वळल्यासारखी हलतात. कप उचलताच हालचाल बरीच थांबते. निदानाला खरा आधार हालचालींतील मंदपणाचा. सदऱ्याचे बटण लागता लागत नाही, ओळ पुढे सरकते तसे अक्षर बारीक होते, चालताना एकच हात झुलत नाही. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे हे त्याआधी कित्येक वर्षे सुरू झालेले असते, पण त्यासाठी मेंदूच्या डॉक्टरकडे कोण जाणार?

बहुतेक रुग्णांच्या घराण्यात हा रोग नसतो. तथापि दक्षिण इटलीतील कोंटुर्सी गावच्या एका घराण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या आढळला आणि १९९७ मध्ये अल्फा-सिन्युक्लिन प्रथिनाच्या जनुकातील दोष सापडला. हेच प्रथिन रुग्णांच्या चेतापेशींत ल्युई पिंडांच्या रूपाने साचते. पार्किन जनुकातील दोषाने रोग तरुणपणी होऊ शकतो. एलआरआरके२ आणि जीबीए१ या जनुकांतील दोष असूनही अनेकजण निरोगी राहतात.

निदान मुख्यतः रुग्णाला तपासूनच होते. एमआरआय सहसा इतर विकार वगळण्यापुरता. लेव्होडोपा या औषधाने स्पष्ट फरक पडल्यास निदानाला बळकटी मिळते.