लाईनमनसाठी बदललेली स्टेशन वॅगन



पेरण्या आटोपल्यात, आज उघडीप आहे, पण कोळपं घालायला अजून वाफसा नाही. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, गाडीची. आपल्याकडची बरीच पोरं हल्ली जुन्या गाड्या घेऊन उंच करायला लागलीत. कुणाला घाटातल्या कच्च्या वाटा फिरायच्यात, कुणाला पावसाळ्यात पाणंदीतून मळ्यापर्यंत जायचंय. "दादा, जुनी स्टेशन वॅगन स्वस्तात मिळतेय. ऑफ-रोडसाठी काय काय बदलू?" असं मला सारखं विचारलं जातं. सामानाची यादी देण्याआधी एक इतिहास सांगतो. निम्मं उत्तर त्यातच आहे.

स्टेशन वॅगन म्हणजे छप्पर पार मागच्या टोकापर्यंत नेलेली, मागं मोठं दार असलेली लांब कार. माणसंही बसतात, मालही बसतो. आपल्या पुण्यात १९९२ मध्ये निघालेली टाटा इस्टेट आठवत असेल, ती ह्याच जातीची. पण ह्या गाडीला चिखलात न्यायची खरी गोष्ट घडली जपानमध्ये.

जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्येला तोहोकु नावाचा भाग आहे. भाताचं कोठार. सासानिशिकी हे त्यांचं नावाजलेलं भाताचं वाण १९६३ मध्ये तिथल्याच मियागी प्रांतात तयार झालं. उन्हाळ्यात हिरवीगार खाचरं, हिवाळ्यात डोंगरात कमरेच्या वर बर्फ. ह्या भागाला वीज पुरवणारी कंपनी तोहोकु इलेक्ट्रिक पॉवर. डोंगरातून गेलेल्या लाईनी तपासायच्या, तुटलेली तार जोडायची, तर लाईनमनला बर्फातून जावंच लागतं. आपल्याकडे भर पावसात डीपी जळाली की वायरमन चिखल तुडवत येतो, तसंच समजा.

ह्या कामाला त्यांच्याकडे जीपसारख्या फोर-व्हील गाड्या होत्या. त्या बर्फात चालायच्या, त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार वेगळीच होती. कडाक्याच्या थंडीत आत गारठा, दिवसभर हादरे, आणि बर्फ नसलेल्या महिन्यांत रोजच्या कामाला ती गाडी नकोशी. कंपनीला हवी होती कारसारखी ऊबदार, माणसं आणि हत्यारं दोन्ही नेणारी, पण बर्फात न अडकणारी गाडी. तशी गाडी बाजारात नव्हतीच म्हटलं तरी चालेल. विलिस कंपनीची जीप स्टेशन वॅगन १९४६ पासून होती, १९४९ पासून ती फोर-व्हीलमध्येही मिळायची, पण ती पडली जीपच्याच घराण्यातली.

मग १९७० च्या सुमारास वीज कंपनीने आपली अडचण मियागीतल्या सुबारूच्या विक्रेत्यापुढे मांडली. लक्षात घ्या, मोठ्या कारखान्यापुढे नाही, विक्रेत्यापुढे. आणि त्या विक्रेत्याच्या वर्कशॉपने काम अंगावर घेतलं. त्यांनी सुबारूची एफएफ-१ १३००जी ही पुढच्या चाकांवर चालणारी वॅगन घेतली आणि तिच्या मागच्या चाकांनाही ताकद दिली. मागचा डिफरेन्शियल सुबारूकडे नव्हताच, कारण गाडी पुढच्या चाकांची. तो त्यांनी निसानच्या ब्लूबर्ड गाडीचा घेतला. आपल्या भाषेत चक्क जुगाड. पण डोक्याने केलेला.

आता खरा मुद्दा. हा जुगाड दुसऱ्या कुठल्याही कारवर इतका सहज बसला नसता. सुबारू १००० ही मूळ गाडी १९६६ मध्ये आली, शिनरोकु मोमोसे ह्या इंजिनिअरच्या हाताखाली. हा माणूस आधी विमानाच्या कारखान्यात काम केलेला. तिचं इंजिन बॉक्सर पद्धतीचं, म्हणजे सिलिंडर उभे नसून डावीउजवीकडे आडवे पडलेले. इंजिन बसवलं होतं गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि त्याच्या मागं सरळ रेषेत गिअरबॉक्स. म्हणजे गिअरबॉक्सचं शेपूट आधीच मागच्या चाकांकडे तोंड करून होतं. तिथून शाफ्ट काढला की तो सरळ मागं जातो. इंजिन आडवं बसवलेल्या आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये हेच काम करायचं तर ताकदीला आधी काटकोनात वळवावं लागतं.

थोडक्यात, त्या वर्कशॉपने आधी गाडीची हाडं पाहिली, मग हात घातला. आपण बैल घेताना खूर आणि खांदा बघतो ना, तसं.

अशा मोजक्याच गाड्या बनल्या. त्यातली एक १९७१ च्या टोकियो मोटर शोमध्ये ठेवली गेली. कारखान्याने ती कल्पना उचलली, नीट चाचण्या घेतल्या आणि सप्टेंबर १९७२ मध्ये लिओनी फोर-व्हील इस्टेट व्हॅन बाजारात आणली. इंजिन साधारण १४०० सीसीचं. एरवी पुढच्या दोन चाकांवर चालायची, चिखल-बर्फ आला की लिव्हर ओढून चारही चाकं लावायची. इंजिन बुटकं असल्यामुळे स्टेपनी चक्क बोनेटखाली, इंजिनाच्या वर बसायची. मागची जागा सगळी मालाला मोकळी.

ही लिव्हरची भानगड ट्रॅक्टरवाल्यांना लगेच कळेल. फोर-व्हील ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर नेताना आपण पुढचा एक्सल सोडवतो. का? वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. शेतात माती सरकते, चाक थोडं घसरतं, फरक जिरून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. लिओनीला पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये डिफरेन्शियल नव्हता, म्हणून तिलाही हाच नियम लागू होता. निसरड्या जमिनीवर चार, कोरड्या रस्त्यावर दोन.

पुढे ही वॅगन अमेरिकेत बर्फाळ राज्यांमध्ये गेली, ऑस्ट्रेलियात गेली. हिच्याच घराण्यातला छोटा पिकअप ऑस्ट्रेलियात ब्रम्बी नावाने विकला गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांनी तो शेतावर भरपूर वापरला. १९८० च्या आसपास दुसऱ्या पिढीच्या लिओनीला हाय-लो गिअर मिळाले. ट्रॅक्टरसारखेच. लो टाकला की गाडी कमी वेगाने, जास्त ओढीने, क्लच न जाळता चढ चढते. ह्याच जुन्या वॅगन पुढे हौशी लोकांनी उंच करून जंगल-डोंगरांच्या वाटांवर नेल्या. ऑफ-रोड वॅगनचा आजचा छंद बराचसा ह्या गाड्यांवर वाढला. भारतात तिची नातेवाईक फॉरेस्टर ही गाडी काही वर्षं शेवरोले नावाने मिळत होती, ती कुणी कुणी अजून सांभाळून आहेत.

ह्या गोष्टीला दुसरीही एक शाखा आहे, आणि ती तर थेट आपल्या शेतातून जाते. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्या गावोगाव आहेत. त्यातले फर्ग्युसन म्हणजे हॅरी फर्ग्युसन, जन्म १८८४, आयर्लंडमधल्या शेतकरी घरातले. ट्रॅक्टरला अवजार तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलायची पद्धत त्यांनी रूढ केली. आज आपला प्रत्येक ट्रॅक्टर तेच वापरतो. १९५३ मध्ये त्यांनी ट्रॅक्टरचा धंदा मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला, पण त्याआधीच त्यांच्या डोक्यात दुसरं खूळ शिरलं होतं. साध्या कारला चारही चाकांची ताकद कायमची द्यायची, म्हणजे ओल्या रस्त्यावर माणसं मरणार नाहीत. त्यासाठी त्यांनी संशोधनाची वेगळी कंपनी काढली. तिने बनवलेल्या नमुन्यांत एक स्टेशन वॅगनही होती, पण कुठल्याच मोठ्या कार कंपनीने ती बनवायला घेतली नाही. फर्ग्युसन १९६० मध्ये गेले.

त्यांचं काम मात्र पुढे चालू राहिलं. त्या संशोधनातून व्हिस्कस कपलिंग आलं. एका डब्यात पातळ चकत्यांच्या दोन रांगा, मधे घट्ट सिलिकॉन द्रव. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू लागली की द्रव अडवतो आणि ताकद दुसऱ्या एक्सलकडे ढकलतो. लिव्हर ओढायची गरज नाही. अमेरिकेच्या एएमसी कंपनीने, जिच्याकडे तेव्हा जीपही होती, ही पद्धत घेऊन १९८० सालच्या मॉडेलची ईगल गाडी काढली. काँकॉर्ड ही साधी कार घेतली, सुमारे ३ इंच उंच केली, चारही चाकं जोडली. तिची स्टेशन वॅगन चांगली चालली. आज शोरूममध्ये एसयूव्ही म्हणून ज्या उंच कार उभ्या असतात, त्यांची ही आजी म्हणायला हरकत नाही.

आता पोरांच्या प्रश्नाकडे येतो. ह्या दोन्ही शाखांत क्रम बघा. आधी काम ठरलं, मग अडचण नेमकी कुठं आहे ते शोधलं, आणि तेवढंच बदललं. लाईनमनच्या गाडीत कमी होती ती पकड. म्हणून बदल पकडीत झाला. आपल्याकडे उलटं चालतं. आधी दिवे, मग मोठे टायर, मग उंची, आणि गाडी अडकली की ढकलायला चार माणसं.

माझ्या मते क्रम असा असावा.

पहिलं टायर. गाडी जमिनीला फक्त तिथंच शिवते. मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घ्या. मऊ जमिनीत हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि रुतणं कमी होतं, ट्रॅक्टरला करतो तसंच. डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरायची, हे विसरायचं नाही. मोठं माप घेताना हिशोब करा. ६० सेंटिमीटर व्यासाच्या जागी ६६ चा टायर लावला, तर चाक एका फेऱ्यात १० टक्के जास्त पळतं. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने चाललेली असेल. आणि चढावर ओढ तेवढ्याच हिशोबाने कमी होईल, ब्रेकलाही जड जाईल.

दुसरं, पोटाखाली पत्रा. दगड लागून ऑइलचा चेंबर फुटला की गाडी तिथंच. चांगली जाड प्लेट ही उंचीपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाची.

तिसरी उंची, आणि इथं गाडीची हाडं परत बघायची. लिओनीसारख्या गाडीत मागचा डिफरेन्शियल बॉडीला धरलेला असतो, त्यामुळे सस्पेन्शन उंच केलं की तोही उचलला जातो. पण ज्या गाडीला मागं अखंड एक्सल आहे, तिथं पाटे उंच करून फक्त बॉडी वर जाते. डिफरेन्शियलचा गोळा होता तिथंच राहतो आणि चाकोरीच्या मधल्या वरंब्याला घासतोच. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. आपल्या जुन्या बैलगाडीची चाकं एवढी उंच का असायची, ह्याचं उत्तर हेच.

उंची फुकट मिळत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो, सांध्यावरचं रबर लवकर फाटतं, आत माती गेली की सांधा संपला. ब्रेकचे पाइप ताणले जातात. आणि गाडीचं वजन वर सरकतं, म्हणजे बांधावरून तिरकी उतरताना कलंडायची भीती वाढते. छपरावर कॅरिअर आणि माल ठेवला तर आणखीच. मागं पोरंबाळं बसलेली असतात, एवढं ध्यानात ठेवा.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. म्हणजे आरसीवर एक आणि रस्त्यावर दुसरं अशी गाडी असेल तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते. मियागीच्या वर्कशॉपचा जुगाड आणि आपल्या गॅरेजचा जुगाड ह्यात हाच फरक आहे. त्यांचा बदल कारखान्यात गेला, तपासला गेला आणि मग लोकांच्या हातात आला.

म्हणून माझं सांगणं एवढंच. जुनी वॅगन घेताना आधी एक कागद घ्या. त्यावर लिहा, गाडी कुठं अडकते, वर्षातून किती दिवस अडकते, आणि अडकते ती पकड नसल्याने की पोट टेकल्याने. पकडीची अडचण असेल तर बऱ्याचदा टायर आणि हवेवरच भागतं. पोट टेकत असेल तर कधी कधी पाणंदीत दोन ट्रॉली मुरूम टाकणं गाडी बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि त्याचा फायदा शेजाऱ्यालाही होतो.

वाफसा आला की कोळपणीच्या नोंदी टाकतो. तोवर राम राम.